लवचिक पंखात हायड्रोजनची नळी कशी बसवावी

विमानाचा पंख वाकतो हे वाचून सगळ्यांना ठाऊक असते, पण प्रत्यक्ष नळी बसवायला हात घातला की पंख म्हणजे घराची भिंतच आहे अशा समजुतीने माणूस क्लॅम्प आवळू लागतो. नागपूरच्या मिहानमध्ये ज्या बोइंग ७८७ जातीच्या विमानांची देखभाल होते, त्या विमानाच्या पंखाची अंतिम भारचाचणी मार्च २०१० मध्ये झाली. उड्डाणात अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार दिल्यावर पंखाची टोके सुमारे ७.६ मीटर, म्हणजे दुमजली घराच्या उंचीइतकी वर गेली होती. रोजच्या उड्डाणात पंख इतका वाकत नाही. तरी विमानाने धावपट्टी सोडताच पंखाचे टोक वर उचलले जाते, हे खिडकीजवळ बसलेल्या कोणत्याही प्रवाशाला दिसते. अशा पंखातून उणे २५३ अंश सेल्सिअस तापमानाचा द्रवरूप हायड्रोजन न्यायचा असेल, तर नळीला पंखाचे वाकणे आणि स्वतःचे आक्रसणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सोसाव्या लागतात.

हा लेख हिंगणा एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसोबत उभ्या केलेल्या जमिनीवरच्या रिगच्या, म्हणजे चाचणीच्या सांगाड्याच्या, अनुभवावर आधारलेला आहे. रिगवर ५ मीटर लांबीचा पंख बुडाशी घट्ट धरलेला आहे आणि त्याचे टोक जॅकने अर्धा मीटर वर उचलता येते. त्यातून जाणाऱ्या नळीत आम्ही हायड्रोजनऐवजी द्रव नायट्रोजन सोडतो. उडणाऱ्या विमानात अशी नळी बसवायची तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मंजुरी लागते आणि तो मार्ग फार लांबचा आहे. येथे सांगितलेली पद्धत केवळ जमिनीवर शिकण्या-तपासण्यासाठी आहे.

मुळात ही नळी पंखात येतेच का, हे आधी समजून घ्यावे. एक किलो हायड्रोजनमधून सुमारे १२० मेगाज्यूल ऊर्जा मिळते, तर एक किलो विमान-रॉकेलमधून सुमारे ४३. मात्र द्रव हायड्रोजन इतका हलका आहे की तेवढ्याच ऊर्जेसाठी त्याला रॉकेलच्या जवळजवळ चौपट जागा लागते. पंखातल्या चपट्या टाक्यांत तो मावत नाही, म्हणून टाकी विमानाच्या धडात जाते. इंजिने पंखाखाली राहतात आणि दोहोंना जोडणारी नळी पंखातून न्यावी लागते. १९५७ मध्ये अमेरिकेत बी-५७ या विमानाचे एक इंजिन हायड्रोजनवर चालवले गेले, तेव्हा टाकी डाव्या पंखाच्या टोकालाच होती. १५ एप्रिल १९८८ रोजी उडालेल्या सोव्हिएत तू-१५५ मध्ये टाकी धडाच्या मागच्या भागात होती आणि इंजिनेही शेपटाशीच असल्यामुळे पंखातून नळी नेण्याचा प्रश्नच आला नाही. पुढच्या विमानांना ही सोय मिळेलच असे नाही.

आधी हिशेब, मग पाना

पहिला हिशेब वाकण्याचा. वाक सर्वत्र सारखा आहे असे धरल्यास वक्रतेची त्रिज्या काढायला लांबीच्या वर्गाला टोकाच्या उचलीच्या दुपटीने भागावे. आमच्या रिगवर २५ भागिले १, म्हणजे २५ मीटर. पंख वर वाकला की वरची कातडी दबते, खालची ताणली जाते आणि मधे एक थर असा राहतो की ज्याला ताणही नसतो आणि दाबही नसतो. त्याला उदासीन प्रतल म्हणतात. नळी या प्रतलाच्या ६० मिलिमीटर खालून जात असेल, तर तिच्या वाटेची लांबी ०.०६ भागिले २५ या प्रमाणात, म्हणजे ०.२४ टक्क्यांनी वाढते. ५ मीटरला ही वाढ १२ मिलिमीटर होते.

दुसरा हिशेब थंडीचा. स्टेनलेस स्टील खोलीच्या तापमानावरून द्रव हायड्रोजनच्या तापमानावर आणले की मीटरमागे सुमारे ३ मिलिमीटर आक्रसते, ॲल्युमिनियम त्याहून जास्त, मीटरमागे ४ मिलिमीटरच्या थोडे वर. म्हणजे ५ मीटरची स्टीलची नळी १५ मिलिमीटर आखूड होणार, आणि नेमक्या त्याच वेळी पंख वर वाकला तर तिची वाट १२ मिलिमीटर लांब होणार. दोन्ही मिळून २७ मिलिमीटरची तफावत पडते. ही तफावत कुठे तरी सामावून घेतली नाही आणि नळी दोन्ही टोकांना जखडली, तर नुसत्या आक्रसण्यानेच तिच्यात साडेपाचशे मेगापास्कलहून अधिक ताण यायला हवा. ३१६ एल जातीचे मऊ केलेले स्टील खोलीच्या तापमानाला २०० मेगापास्कलच्या आसपासच कायमचे ताणले जाऊ लागते. थंडीत ते जास्त कणखर होते हे खरे, परंतु त्यामुळे संकट टळत नाही. ते वेल्डवर, क्लॅम्पवर आणि ज्या रिबला, म्हणजे पंखाच्या आतल्या आडव्या फासळीला, क्लॅम्प धरला आहे तिच्यावर जाऊन पडते.

तिसरा हिशेब बहुतेक जण करत नाहीत. नळी पंखाबरोबर वाकली की तिच्या बाहेरच्या कडेवर नळीची त्रिज्या भागिले वक्रतेची त्रिज्या एवढा ताण येतो. २५ मिलिमीटर व्यासाच्या आतल्या नळीला हा ताण ०.०५ टक्के, म्हणजे सुमारे १०० मेगापास्कल पडतो. तिच्याभोवतीची निर्वात जाकीट, म्हणजे मधली हवा काढून टाकलेली बाहेरची नळी, ५० मिलिमीटर व्यासाची आहे. तिला दुप्पट, म्हणजे २०० मेगापास्कलच्या घरात ताण येतो. थंड नळीची सगळ्यांना काळजी वाटते, पण वाकण्याचा त्रास खरा होतो तो बाहेरच्या, जाड, गरमच राहणाऱ्या जाकिटीला. म्हणून जाकीट सलग ठेवू नये. दर दोन रिबांमध्ये तिला घडीदार नळीचा, म्हणजे बेलोजचा, एक तुकडा द्यावा.

इन्वार नावाच्या निकेल-लोह मिश्रधातूची नळी वापरली तर आक्रसणे मीटरमागे अर्ध्या मिलिमीटरवर येते. ती महाग आहे आणि वेल्डिंगला कटकटीची आहे; शिकण्याच्या रिगवर तिचा आग्रह धरू नये, कारण तिच्यामुळे वाकण्याचे १२ मिलिमीटर मुळीच कमी होत नाहीत.

नळीची वाट

नळी उदासीन प्रतलाच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यावी. आमच्या पहिल्या आराखड्यात ती ६० मिलिमीटर खाली होती, कारण तिथे जागा होती; दुसऱ्या आराखड्यात २० मिलिमीटरवर आणली तेव्हा वाकण्याची तफावत १२ वरून ४ मिलिमीटरवर आली. बेलोज कितीही महागाचा घेतला तरी एवढा फायदा होत नाही.

पंखाच्या पुढच्या कडेत जागा मोकळी आणि हवेशीर असते, पण पक्ष्याची धडक तिथेच बसते आणि बर्फ वितळवण्याची गरम हवाही तिथूनच जाते. मागच्या कडेत फ्लॅपचे दांडे, स्क्रू आणि केबल सतत हलत असतात. माझ्या मते पुढच्या स्पारच्या, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या तुळईच्या, लगेच मागे, पंखाच्या उंचीच्या मधोमध, एका बंदिस्त पण हवा खेळत्या पन्हाळीतून नळी न्यावी. इंजिनातली फिरती चक्रे फुटल्यास तुकडे ज्या पट्ट्यातून उडतात, त्या पट्ट्यात नळीची लांबी शक्य तितकी कमी ठेवावी.

रिबांना स्वतःच्या मनाने भोके पाडू नयेत. प्रत्येक भोक रचनेच्या जाणकाराकडून मंजूर करून घ्यावे आणि त्याच्या काठाला बळकटीची कडी द्यावी. ५० मिलिमीटरच्या जाकिटीसाठी आम्ही ७६ मिलिमीटरचे भोक ठेवले, म्हणजे सभोवती १३ मिलिमीटर मोकळीक राहते. ही मोकळीक पंख सरळ असताना नव्हे, तर पूर्ण वर आणि पूर्ण खाली वाकवून मोजावी.

खरी नळी हातात घेण्याआधी तारेची चाचणी करावी. एक बारीक पोलादी तार बुडाशी पक्की बांधावी, नळीच्या नियोजित वाटेवरून प्रत्येक आधाराच्या जागी ठेवलेल्या कडीतून ओवून टोकाशी एका कप्पीवरून खाली सोडावी आणि तिला अर्ध्या किलोचे वजन लावावे. कप्पीजवळ तारेवर मार्करने रेघ मारावी, जॅकने पंख हळूहळू उचलावा आणि रेघ किती सरकली ते वर्नियरने मोजावे. सुतळी वापरू नये, ती स्वतःच ताणली जाते. पहिल्या वाटेवर कागदावरचा हिशेब १२ मिलिमीटर सांगत होता, तार १४ दाखवत होती. खरा पंख सर्वत्र सारखा वाकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढचे सगळे काम तारेच्या आकड्यावर करावे.

एक ठाम आधार, बाकी सगळे सरकते

या कामाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: बेलोजच्या प्रत्येक बाजूला नळीला एकाच जागी पक्के धरावे आणि बाकी सगळीकडे तिला चालू द्यावे. दोन ठाम आधारांच्या मध्ये एक बेलोज आणि दोन बेलोजच्या मध्ये एक ठाम आधार, हा नियम कारखान्यांतल्या वाफेच्या नळ्यांना जेवढा लागू आहे तेवढाच पंखातल्या नळीलाही. चौथा-पाचवा क्लॅम्प “जरा हलतोय” म्हणून कोणी आवळला की हा नियम मोडतो, आणि तो मोडल्याचे बाहेरून कळत नाही.

आमच्या रिगवर एक ठाम आधार बुडाशी, बंद करण्याच्या व्हॉल्व्हला लागून आहे आणि दुसरा इंजिनाच्या जागी ठेवलेल्या चौकटीवर आहे. आतल्या नळीचा बेलोज या दुसऱ्या आधाराच्या अलीकडे बसवला आहे. बेलोजपासून नळीच्या चार व्यासांच्या आत, म्हणजे १०० मिलिमीटरच्या आत पहिला गाइड (नळीला लांबीत सरकू देणारा, पण बाजूला जाऊ न देणारा आधार) आणि तिथून पुढे चौदा व्यासांच्या, म्हणजे ३५० मिलिमीटरच्या आत दुसरा गाइड यायला हवा. नाही तर दाब चढल्यावर बेलोज एका बाजूला फुगून सापासारखा वळतो. हे आतल्या नळीचे गाइड म्हणजे काच-इपॉक्सीच्या चकत्या असतात. त्या नळीला धरून असतात आणि जाकिटीच्या आतून सरकतात. काच-इपॉक्सी उष्णता कमी वाहून नेते, म्हणून धातूची चकती वापरू नये.

जाकीट पंखाला ज्या गाइडने धरायची, त्याचे दोन अर्धगोल भाग असावेत आणि आत पीटीएफईचे, म्हणजे टेफ्लॉनचे, अस्तर असावे. अस्तर आणि जाकीट यांच्यात व्यासावर सुमारे अर्धा मिलिमीटर फट ठेवावी, फीलर गेजने ती चारही बाजूंना तपासावी आणि नट आवळून झाल्यावर जाकीट दोन बोटांनी पुढे-मागे सरकते का ते पाहावे. सरकत नसेल तर पाना उचलू नये. दोन्ही अर्ध्यांमध्ये पातळ वॉशर घालून फट पुन्हा जुळवावी. गाइडच्या दोन्ही कडांना जाकिटीवर बारीक लाल रेघ मारावी आणि रेघेशेजारी तारीख लिहावी. पुढे कोणता गाइड अडकला आहे हे याच रेघा सांगतात.

ठाम आधारावर किती जोर येतो याचा अंदाज हलका घेऊ नये. बेलोज ही दाबाने लांब होऊ पाहणारी वस्तू आहे. तिचा सरासरी व्यास ३२ मिलिमीटर, आत निरपेक्ष ५ बार दाब आणि बाहेर निर्वात असेल, तर दोन्ही आधारांना सुमारे ४०० न्यूटन, म्हणजे ४० किलोच्या आसपास जोर सतत लोटत असतो. बेलोजच्या स्वतःच्या स्प्रिंगचा जोर आणि चाचणीच्या वेळचा वाढीव दाब यांची त्यात भर पडते. हा आधार रिबच्या पातळ पत्र्यावर बसवू नये. स्पारवर रुंद पट्टीने भार पसरून बसवावा. पंख कार्बन तंतूचा आणि पट्टी ॲल्युमिनियमची असेल तर दोहोंमध्ये काचतंतूचा थर घालावा, अन्यथा नागपूरच्या एका पावसाळ्यात पट्टीला पांढरी भुकटी धरलेली दिसते.

बेलोज मोकळ्या लांबीवर बसवू नये. थंड झाल्यावर आणि पंख वर गेल्यावर तो एकाच दिशेने, म्हणजे ताणाच्या दिशेने, २७ मिलिमीटर जाणार आहे. म्हणून गरम स्थितीत तो आधीच १३ मिलिमीटर दाबून बसवावा, म्हणजे प्रवास दोन्ही बाजूंना साधारण सारखा विभागला जातो. नवीन वाटेवर तफावत कमी असेल तर त्याच्या अर्ध्याने दाबावे. दाबून धरण्यासाठी कारखान्याने लावलेले लाल दांडे असतात. ते बसवून झाल्यावर काढायचे असतात, आणि काढलेले दांडे मोजून एका डब्यात ठेवायचे असतात. डब्यात एक दांडा कमी भरला तर तो बेलोजवरच राहिला आहे असे समजावे.

पीळ आणि ब्रेडेड होज

पंख वाकताना थोडा पिळलाही जातो, आणि मागे वळलेल्या पंखात हे प्रकर्षाने घडते. बेलोज लांबतो, आखडतो, कोनात वळतो; पीळ मात्र त्याला सोसत नाही, घड्यांच्या तळाशी तडा जातो. यासाठी गोल गाइडमध्ये नळी स्वतःभोवती फिरू शकेल असे पाहावे आणि इंजिनाकडे वळताना नळीला काटकोनी वळण देऊन वळणाच्या दोन्ही बाजूंना एकेक बेलोज द्यावा. मग लांब भागातला पीळ आडव्या भागात नुसत्या वाकण्याच्या रूपाने उतरतो.

ब्रेडेड होज, म्हणजे तारांच्या जाळीने मढवलेली घडीदार लवचिक नळी, हिच्याबद्दल एक अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी मी एका कार्यशाळेत द्रव नायट्रोजनच्या लाइनवर काम करत होतो. लाइन आक्रसेल म्हणून तिथे दोन ठाम आधारांच्या मध्ये ब्रेडेड होजचा हातभर तुकडा सरळ रेषेत लावला होता, आणि तो लावण्यात माझाही हात होता. होज हाताला मऊ लागते, त्यामुळे ती लांबीतही ताणली जाईल असे आम्ही गृहीत धरले. पहिल्याच थंडीत होजवरची तारांची जाळी ताठ झाली, टोकाच्या कॉलरजवळून शिट्टीसारखा आवाज आला आणि पांढऱ्या धुक्याची एक पातळ रेघ बाहेर पडू लागली. लाइन बंद करून गरम झाल्यावर पाहिले, तर वेल्डच्या काठाने अर्धा परीघ केसासारखा चिरलेला होता. बेलोजला लांब होऊ न देणे हेच जाळीचे काम असते; म्हणून ब्रेडेड होज सरळ लावली तर ती लांबीतली हालचाल मुळीच घेत नाही. ती वापरायचीच असेल तर इंग्रजी यू अक्षराच्या आकारात सैल सोडावी. तेव्हा आत नायट्रोजन होता. तिथे हायड्रोजन असता तर काय झाले असते, हा विचार त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

गळती झालीच तर

हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के इतक्या रुंद पट्ट्यात पेट घेतो, त्यासाठी ०.०२ मिलिज्यूलच्या आसपासची ठिणगी पुरते, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. म्हणून जोड कमीत कमी ठेवावेत, जिथे जमेल तिथे वेल्ड करावा आणि जो जोड उघडता येण्याजोगा ठेवणे भागच आहे, तो हात पोहोचेल अशा झाकणाखाली आणावा.

विमानांत जुनी शिस्त अशी की वायर वर आणि द्रवाची नळी खाली, म्हणजे गळालेला थेंब वायरवर पडत नाही. हायड्रोजनला ही शिस्त उलटी लागू पडते. गळतीच्या क्षणी अतिथंड वाफ जड असते आणि थोडी खाली बसते, पण गरम होताच ती झपाट्याने वर चढते आणि वरच्या वायरींच्या जुडग्यात शिरते. म्हणून वायरी वर-खाली ठेवण्याच्या फंदात न पडता स्पारच्या दुसऱ्या बाजूलाच न्याव्यात. पंख बुडाकडून टोकाकडे चढता असतो आणि उड्डाणात वाकल्यावर तो आणखी चढतो. गळालेला वायू टोकाकडे जमा होणार हे त्यातून उघड आहे. हवा आत घेण्याचे छिद्र बुडाकडे खाली आणि बाहेर सोडण्याचे छिद्र टोकाकडे वर ठेवावे, आणि वायू ओळखणारा सेन्सर पंख वाकलेला असताना जो बिंदू सर्वांत उंच असेल तिथे लावावा.

पीटीएफईचे अस्तर वीज अडवते, त्यामुळे प्रत्येक सरकत्या गाइडवर जाकीट आणि पंख यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी लावावी. तिला किमान ४० मिलिमीटर ढील द्यावी. ताठ पट्टी गाइडला जखडते.

दोन व्हॉल्व्हच्या मध्ये द्रव अडकू शकेल असा नळीचा एकही तुकडा सुटकेच्या व्हॉल्व्हशिवाय सोडू नये. द्रव हायड्रोजन खोलीच्या तापमानाला येताना सुमारे ८५० पट पसरतो. जाकिटीलाही स्वतःची फुटणारी चकती हवी, कारण आतली नळी गळली तर तो दाब जाकिटीत येतो.

तपासणी

पहिली तपासणी दाबाची. नागपूरच्या मे महिन्यात सकाळी २८ अंशांवर भरलेली नळी दुपारी ४४ अंशांवर जाते, तेव्हा निरपेक्ष ५ बारचा दाब आपोआप ५.२७ बार होतो. गळती असूनही गेज वर चढलेले दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. म्हणून पहाटे दाब भरावा, नळीवरचे तापमान दाबासोबत लिहावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच तापमानाला दोन्ही आकडे ताडून पाहावेत. त्यानंतर साबणाचा फेस आणि शेवटी हेलियम शोधणारे यंत्र. फेसाने सापडणारी गळती आधीच काढून टाकली तर यंत्राचे भाडे वाचते.

दुसरी तपासणी थंडीची. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो, आणि स्टीलचे हायड्रोजनपर्यंतचे आक्रसणे ९० टक्क्यांहून अधिक तेवढ्यातच होऊन जाते. म्हणून यांत्रिक चुका नायट्रोजनमध्येच सापडतात. एक फरक लक्षात ठेवावा: द्रव नायट्रोजन हायड्रोजनच्या सुमारे अकरा पट जड आहे, त्यामुळे नायट्रोजन भरलेली नळी वेगळ्या लयीत थरथरते आणि कंपनाची मापे हायड्रोजनला तशीच लावता येत नाहीत. शेडची दारे उघडी असावीत, ऑक्सिजन मोजणारे यंत्र कंबरेच्या उंचीवर टांगलेले असावे आणि आकडा १९.५ टक्क्यांखाली गेला की सगळ्यांनी बाहेर पडावे. उघड्या थंड धातूवर हवाच द्रव होऊन ठिबकते आणि त्या थेंबात ऑक्सिजनचे प्रमाण बरेच जास्त असते. खाली ग्रीस, तेलकट कापड किंवा डांबर असू नये.

नळी सावकाश थंड करावी. ती पूर्ण थंड झाल्यावर पंख दहा वेळा वर-खाली वाकवावा आणि दर वेळी लाल रेघांची सरक लिहून घ्यावी. पावसाळ्यात हे काम केले तर एक फायदा होतो: हवा दमट असल्याने जाकिटीवर जिथे घामाचा किंवा दवाचा पट्टा उमटतो, तिथे आतली चकती जास्त टेकली आहे किंवा निर्वात बिघडला आहे, हे डोळ्यांनी दिसते. मे महिन्यात कोरड्या हवेत हीच खूण पुष्कळ उशिरा उमटते. गरम झाल्यावर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत, कारण थंडीत सैल झालेला बोल्ट वरून तसाच दिसतो. मग हेलियमची तपासणी पुन्हा करावी. गार-गरम होण्याच्या तीन फेऱ्यांनंतरही गळती नसेल तरच काम पुढे न्यावे.

हायड्रोजन आणायचा तर तो बंद शेडमध्ये आणू नये. साठवणुकीच्या परवानग्या पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना देते, आणि तिचे मुख्यालय नागपुरातच सेमिनरी हिल्सला आहे. आपल्या शहरातल्या लोकांना आराखडा घेऊन जाणे सोपे आहे, ही सोय वाया घालवू नये. नळीतली हवा आधी नायट्रोजनने काढावी आणि नायट्रोजन नंतर हेलियमने काढावा. उणे २१० अंशांना नायट्रोजन गोठतो आणि उरलेला थोडासा नायट्रोजनही व्हॉल्व्हच्या बैठकीवर बर्फ होऊन बसतो; मग व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही.

आमची रिग आज नायट्रोजनच्या टप्प्यावर आहे. थंड अवस्थेत चाळीस वेळा वाकवून झाली आहे आणि रेघांच्या नोंदींची वही अर्ध्यावर आली आहे. गेल्या दोन्ही वेळी टोकाकडच्या तिसऱ्या गाइडवरची रेघ दीड मिलिमीटर मागे राहिली, म्हणून परवानगीचा अर्ज भरण्याआधी तो गाइड उघडून त्याचे अस्तर पाहायचे आहे.